सतराव्या वर्षीची केस आणि भरतीचा फॉर्म

“मॅडम, ह्याच्या नावावर केस आहे. आता फॉर्म भरून काय उपयोग?” पोलीस भरतीची जाहिरात निघाली की एखादी तरी आई हा प्रश्न घेऊन येतेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा सतरा वर्षांचा असताना विसर्जन मिरवणुकीत मारामारी झाली, समोरच्या पोराचा हात मोडला. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. दोष सिद्ध झाला, समज आणि सामाजिक सेवेचा आदेश झाला. सेवा त्याने पूर्ण केली, पण गावात ‘केसवाला’ हे नाव चिकटलं. पुढे तो भरतीसाठी पहाटे धावायला लागला. “व्हेरिफिकेशनला अडकशील,” असं कुणीतरी म्हणालं आणि मैदान सुटलं.

मी आधी मंडळाच्या आदेशाची प्रत मागितली. ती घरात नव्हतीच! एवढी धास्ती ज्या कागदाची, तो कुणी वाचलाच नव्हता. बहुतेक घरांत हेच दिसतं. प्रमाणित प्रत काढायला लावली आणि मग कायदा समजावला.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार अशा मुलाला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही. अपिलाची किंवा नियमांत ठरलेली मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत त्या ७ वर्षांपलीकडे ठेवू नयेत असं म्हटलंय. प्रकरण निकाली निघालं असेल, तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी ही माहिती उघड करायची नाही, असं कलम ७४ सांगतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अल्पवयातल्या आरोपांवरून एका उमेदवाराची केंद्रीय दलातली नोकरी नाकारणं चूक ठरवलं. अपवाद आहे: सोळा पूर्ण झालेल्याने अतिगंभीर गुन्हा केला आणि बाल न्यायालयाने त्याला सज्ञान म्हणून खटला चालवून दोषी ठरवलं, तर कलम २४ चं संरक्षण मिळत नाही.

अठरा वर्षांनंतरच्या शिक्षेचं मात्र वेगळं. अर्ज केला आणि नोंद पुसली, अशी सोय सज्ञानांना नाही. मुख्य मार्ग अपिलाचा. परिविक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर, सुटका झाली असेल, तर १९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याचं कलम १२ शिक्षेसोबत येणारी अपात्रता दूर करतं, पण नोंद राहते. ‘रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला कृपा करून पैसे देऊ नका.

कायदा ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. मुलगा गप्पच. पुढच्या भेटीत म्हणाला, “नोंद गेली तरी हात मीच मोडला ना?” मी ते नाकारलं नाही. हो, तूच मोडलास. त्याची जबाबदारी म्हणूनच तू सेवा केलीस आणि ती पूर्ण केलीस. स्वतःला आणखी शिक्षा देत बसायचा आदेश मंडळाने दिलेला नाही. त्या दिवशी तो बराच वेळ रडला. मला ते गरजेचं वाटलं, मी थांबवलं नाही.

साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) काय लिहायचं, हे त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना विचारलं. शब्द महत्त्वाचे असतात, म्हणून हा सल्ला मी स्वतः देत नाही. त्यांनी प्रकरण अल्पवयातलं असल्याचं आणि कलम २४ नमूद करून आदेशाची प्रत जोडायला सांगितली. नोंदी नष्ट करण्याचा अर्जही त्याने मंडळाकडे दिला, पोच घेतली. फॉर्म मुदतीत गेला.