अभ्यासिकेतले बारा तास

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात 'बारा तास' हा शब्द तीनदा आला. बारा तास अभ्यासिकेत बसतेस, रात्री डोकं रिकामं वाटतं आणि टेस्टचा पेपर समोर आला की छाती धडधडते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेला दोन महिने आहेत, तेव्हा थेट कामाचंच लिहितो.

आधी ते बारा तास तपास. दोन दिवस वहीच्या मागच्या पानावर, खुर्चीतून उठलीस किंवा मोबाईल उचललास की वेळेसकट एक रेघ मार. चहाला चौघीजणी मिळून जाणं, मेसची रांग, टेलिग्रामवरच्या गप्पा वजा केल्यावर सहा-सात तास उरले तर दचकू नकोस. नीट केलेले सहा तास पुरतात. पण बसण्याचा थकवा बारा तासांचा येतो आणि काम सहाचं होतं, म्हणून रोज संध्याकाळी मन खट्टू होतं.

आता त्या सहा तासांचं बघू. एकच प्रकरण मार्कर घेऊन चौथ्यांदा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं वेगळं, आठवणं वेगळं. आयोग नेमकी ओळखीचीच विधानं एखादा शब्द फिरवून देतो. म्हणून पन्नास मिनिटांचा एक डाव धर: पस्तीस मिनिटं वाचन, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते, शेवटची पाच मिनिटं लाल पेनाने दुरुस्ती. पंचायत राजची 73वी घटनादुरुस्ती वाचलीस तर कागदावर अकरावी अनुसूची, 29 विषय, 24 एप्रिल 1993 हे आपसूक उतरायला हवं. पहिले काही दिवस कागद अर्धा कोरा राहील आणि जीव कासावीस होईल. राहू दे. तो कागद जपून ठेव आणि तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी तोच विषय पुन्हा न बघता लिही. दिवसाला असे सात डाव झाले की वही मिटायची. मोबाईल तेवढा वेळ बॅगेत नको, बाहेरच्या लॉकरमध्ये. हाताशी असला की वाजला नाही तरी मन तिकडे जातं.

धडधडीचं म्हणशील तर, ताण फार वाढला की पाठ असलेलंही ऐन वेळी आठवत नाही. ते पुसलं गेलेलं नसतं. अशा वेळी चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा कर. शंभर सेकंद लागतात. बाहेर सोडायचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. पण हे पहिल्यांदा परीक्षा केंद्रावर करून उपयोग नाही, रोज पहिल्या डावाआधी करायचं.

टेस्ट आठवड्यातून एकच दे, पण परीक्षेच्याच वेळी, घड्याळ लावून, छापील उत्तरपत्रिकेवर गोळे काळे करत. सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न 120 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद, तीही गोळा भरण्यासकट. गोळे शेवटी एकदम भरायची सवय असेल तर आजच मोड. एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकतं.

गुण कळले की लगेच ग्रुपवर टाकायची घाई नको. चुकांचे तीन ढीग कर: माहीतच नव्हतं, वाचण्यात चुकलं ('अयोग्य विधान ओळखा' हे 'योग्य' वाचलं), आणि आधी बरोबर असलेलं नंतर बदललं. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीला अर्धा वजा. समज 88 सोडवले, 52 बरोबर, 36 चूक. 104 मधून 18 वजा, हाती 86. त्या 36 पैकी नऊ जरी वाचण्यातल्या चुका असल्या, तर त्या टाळून 22.5 गुण वाढतात, एकही नवं पान न वाचता. चुकीला प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो म्हणून लोक नको तितके घाबरतात. दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर उरलेल्या दोनांतला एक निवडणं सरासरीने फायद्याचंच. एकही पर्याय कटत नसेल तर सोडून पुढे जा.

सीसॅटला, म्हणजे उतारे-गणितांच्या दुसऱ्या पेपरला, पात्र ठरायला 33 टक्के, म्हणजे 200 पैकी 66 लागतात. रोज दोन उतारे आणि दहा गणितं, बस्स.

तारखेचं मात्र तुझ्या हातात काही नाही. 14 मार्च 2021ची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि 21 मार्चला झाली. 25 ऑगस्ट 2024ची थेट 1 डिसेंबरला. दोन्ही वेळा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. म्हणून वेळापत्रक तारखेवरून उलटं मोजत आखू नकोस, तीन-तीन आठवड्यांचे टप्पे कर. आयोगाचं संकेतस्थळ दिवसातून एकदा, रात्री जेवणानंतर बघ. तारखेबद्दल ग्रुपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटांना उत्तर देत बसू नकोस.

संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. चहातलं कॅफिन अर्ध्यावर यायलाच सुमारे पाच तास लागतात. झोप सात तास. वाचलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच चालतं. मेसचा भात खाऊन डोळे मिटायला लागले तर गजर लावून वीस मिनिटं पड, जास्त नाही. आणि सलग दोन आठवडे झोप येत नसेल, अन्न जात नसेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिला नाही. घरी सांग आणि 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन कर. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधे गेटपाशी मुली घोळक्याने उत्तरं ताडत उभ्या असतील. तिकडे फिरकू नकोस. डबा घरचा किंवा ओळखीच्या मेसचा, पोटभर नको, पाण्याची बाटली, दोन काळी बॉलपेनं. सावलीत बसून खा, दहा श्वास घे, आणि घंटेच्या वेळेआधी रांगेत जा.

तुझा,
काका