कोथरूडचा फ्लॅट विकून मुलाला लॅक्रॉसचं टर्फ काढून द्यावं का?

प्रश्न : आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो, दोघंही अमेरिकन नागरिक. मी ५८, हे ६१. मुलगा ३० वर्षांचा, प्रीमियर लॅक्रॉस लीगमध्ये (लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा सांघिक खेळ) खेळतो आणि आठवडाभर नोकरी करतो. पगार वर्षाला ९५ हजार डॉलर. आता त्याला एका कॉलेजात सहायक प्रशिक्षकाची जागा मिळतेय, ५२ हजारांची. शिवाय इनडोअर टर्फ भाड्याने घेऊन स्वतःची अकादमी काढायचीय, त्यासाठी आमच्याकडे १ लाख डॉलर मागतोय. पगार आणि अकादमीची फी मिळून भागेल, २०२८ च्या ऑलिंपिकमुळे खेळायला मुलंही वाढतील, असं त्याचं म्हणणं. माझ्या आईने १९८८ साली घेतलेला कोथरूडचा फ्लॅट २०१९ मध्ये वारशाने माझ्या नावावर आला. भाडं २८ हजार, विकला तर १ कोटी २० लाख येतील. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणतात. विकावा का?

उत्तर : ताई, नोकरी त्याने जरूर घ्यावी. फ्लॅट विकून टर्फ मात्र काढू नये, निदान एवढ्यात तरी नाही.

पगार ४३ हजारांनी उतरतोय हे तुम्हाला टोचतंय, ते पत्रात दिसतंच. पण या खेळात नुसत्या लीगच्या पैशावर घर चालवणारे खेळाडू थोडे. कॅनडातला जॉन टॅव्हारेस बफेलो बँडिट्स या व्यावसायिक लॅक्रॉस संघाकडून दोन दशकांहून जास्त खेळला आणि तेव्हा मिसिसागातल्या एका शाळेत गणित शिकवत होता. पुढे त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक होऊन त्याने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली. इतका मोठा खेळाडू, पण महिन्याचा पगार शाळेचा. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती शाळेची जागा आता कॉलेज घेतंय. पुरुषांच्या कॉलेज लॅक्रॉसच्या पहिल्या श्रेणीत संघ पाऊणशेच्या आसपास, म्हणजे पगारी जागा मोजक्याच. २०२३ पर्यंत तर तिथे बिनपगारी स्वयंसेवक प्रशिक्षक हे अधिकृत पद होतं. त्यामुळे आरोग्यविमा आणि निवृत्तिनिधीसह ५२ हजार मिळत असतील तर ती हलकी ऑफर नव्हे. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारी ते मे आणि लीग उन्हाळ्यात, म्हणून खेळणंही लगेच सोडावं लागणार नाही. लीगमधले कितीतरी खेळाडू असंच करतात. विम्यात काय काय येतं आणि कॉलेज निवृत्तिनिधीत किती टक्के घालतं, हे मात्र ऑफर लेटर हातात घेऊन नीट वाचा.

आता अकादमी. मुलाने हिशेबात कॉलेजचा पगार आणि अकादमीची फी यांची सरळ बेरीज केलेली दिसते. ती तशी होत नाही. भरतीच्या वयातल्या मुलांना बाहेर शिकवण्यावर आणि त्यांचे क्लब चालवण्यावर कॉलेजच्या प्रशिक्षकांना एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेची, बंधनं असतात. काय चालेल नि काय नाही, हे कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसकडून (नियम पाळले जातात का हे बघणारा विभाग) लेखी मिळेपर्यंत अकादमीच्या उत्पन्नापुढे शून्य मांडा. वेळेचंही तेच. क्लबच्या मोठ्या स्पर्धा जून-जुलैत, कॉलेजसाठी मुलं हेरायचे दिवस तेच, आणि लीगचे सामनेही तेव्हाच. अकादमीत उभं कोण राहणार?

त्याचा ऑलिंपिकचा मुद्दा मला पटला नाही. १६ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या मुंबईतच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लॉस एंजेलिससाठी लॅक्रॉसला मंजुरी दिली, १९०८ नंतर प्रथमच पदकं मिळतील, सगळं खरं. पण २०२८ नंतर नवी मुलं येतील ती जिथे हा खेळ पोचलेला नाही तिथे. बाल्टिमोरमध्ये गल्लोगल्ली जुने क्लब आहेत.

मला सगळ्यात जास्त धास्ती टर्फच्या भाडेकराराची वाटते. काल निघालेल्या कंपनीच्या सहीवर जागामालक थांबत नाही, पर्सनल गॅरंटी मागतो. मुलाच्या नावावर फारसं काही नसेल तर कागद तुमच्यापुढे येईल. मग तुमची जोखीम १ लाख डॉलरची राहत नाही. उरलेल्या सगळ्या वर्षांच्या भाड्याची होते. तिथे सही करू नका.

फ्लॅटचे १ कोटी २० लाख तुमच्या हातात येणार नाहीत. इतक्या जुन्या घराला करासाठी २००१ ची किंमत धरता येते; ती १० लाख धरली तर नफा १ कोटी १० लाख. अनिवासींना इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) नाही, १२.५ टक्के कर, वर सरचार्ज आणि सेस, मिळून साडेसोळा लाखांच्या आसपास. दलाली वजा जाता उरतात एक कोटीच्या जरा वर. त्यात खरेदीदाराला टीडीएस नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापावा लागतो. कमी कपातीचा दाखला आधी आणला नाही तर जास्तीचे पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकतात. अमेरिका मात्र वारशाच्या घराची किंमत आई गेल्या त्या दिवसाची धरते. म्हणजे तिथे नफा कमी दिसेल, आणि इथे भरलेला कर वळता करून घ्यायला तिथे फारसा करच निघणार नाही. हे आकडे तुमच्या सीपीएकडून (अमेरिकेतला सनदी लेखापाल) तपासून घ्या.

मला त्या फ्लॅटचं प्रेम नाही. २८ हजार भाडं म्हणजे पावणेतीन-तीन टक्के, तेही कराआधी. पण रिडेव्हलपमेंटचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, आणि किंमत ठरणार ती त्यावरच. बिल्डर नेमलाय का, करारनामा नोंदला गेलाय का, की अजून नुसत्या मीटिंगाच चालू आहेत, हे सेक्रेटरींना फोन करून विचारा. करार तोंडावर असेल तर आत्ता विकणं म्हणजे दुसऱ्याच्या पदरात घालणं. आणि विकलाच, तर ते पैसे तुमच्या दोघांच्या म्हातारपणाचे. यांच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

मुलाला हात द्यायचाच असेल तर छोटा द्या. २०२५ च्या मर्यादेनुसार आई आणि वडील प्रत्येकी १९ हजार डॉलर गिफ्ट टॅक्स रिटर्न न भरता देऊ शकतात. सगळे ३८ हजार देण्याची गरज नाही. शाळेचं मैदान तासावर घेऊन, कॉलेजची परवानगी असेल तर, लहान मुलांचा एक उन्हाळी कॅम्प त्याने घ्यावा. १० हजारांत भागायला हरकत नाही. विमा, मैदानभाडं, हाताखालच्या प्रशिक्षकांचे पैसे आणि स्वतःच्या दिवसांची मजुरी धरून काय उरलं, तो कागद त्याने तुमच्यापुढे ठेवावा. तोवर टर्फचा विषय काढू नका, आणि फ्लॅटच्या एजंटलाही थांबायला सांगा.