आयातीची प्रक्रिया सोपी झाली की कारखान्यांची निर्यात का वाढते?

कारण निर्यातीचा माल बऱ्याचदा आयात केलेल्या सुट्या भागांवरच उभा असतो. चाकणच्या कारखान्याचा सेन्सरचा कंटेनर न्हावा-शेवा बंदरात अडकला, तर लाइन थांबते, डिमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचं जादा भाडं) चढतं, परदेशी ग्राहकाची तारीख हुकते. या भीतीने मालक जादा साठा ठेवतो आणि खेळतं भांडवल त्यात अडकतं. माझ्या मते आयात ड्युटीपेक्षा ही अनिश्चितता जास्त मारते. ड्युटी किमतीत धरता येते, उशीर धरता येत नाही.

म्हणूनच जहाज लागण्याआधी बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा तपशील) भरणं आणि डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी, म्हणजे सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला) न जाता बंदरातून थेट कारखान्यात कंटेनर, या सोयी मोलाच्या. जागतिक व्यापार संघटनेचा कस्टम्सची प्रक्रिया सोपी करण्यासाठीचा व्यापार सुलभीकरण करारही २०१७ पासून लागू आहे. छोट्या उद्योजकांनी आपल्या कस्टम्स एजंटकडे या सोयींची चौकशी जरूर करावी.