फवारणीची औषधे आणि रक्ताचा कर्करोग

प्रश्न : मोठ्या भावाला लिम्फोमा (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग) झाल्याचे निदान झाले. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे बरोबरच फवारणी केली. औषधांमुळेच झाला असेल का? मलाही धोका आहे का?

भाऊ, एखाद्या माणसाचा कर्करोग नेमका कशाने झाला, हे डॉक्टरांनाही सहसा छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यामुळे भावाला किंवा स्वतःला दोष देत बसू नका. पण तुमची शंका निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन या कीटकनाशकाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, तेही नॉन-हॉजकिन लिम्फोमा या लिम्फोमाच्या एका प्रकाराशी असलेल्या संबंधामुळे. त्याच वर्षी मॅलाथिऑन, डायझिनॉन ही कीटकनाशके आणि ग्लायफोसेट हे तणनाशक यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. ग्लायफोसेटबाबत मतभेद आहेत. अमेरिकेत फवारणी करणाऱ्या हजारो लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा लिम्फोमाशी स्पष्ट संबंध आढळला नाही. हे गट पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतात. तुम्हाला धोका किती, हे औषध किती वर्षे, किती प्रमाणात आणि कोणत्या वाटेने अंगात गेले त्यावर ठरते. फवारणी करणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : डब्यावर कमी विषारी असल्याची खूण असेल तर हातमोजे नसले तरी चालतील ना?

नाही चालणार. ती खूण औषध पोटात गेले किंवा अंगावर सांडले तर लगेच किती विषबाधा होईल, एवढेच सांगते. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेल्यावर काय होईल, हे त्या खुणेत धरलेले नसते. ग्लायफोसेटची तातडीची विषबाधा कमी, तरीही त्याचे नाव वरच्या यादीत आहेच.

सगळ्यात जास्त जपायची वेळ म्हणजे पाण्यात औषध कालवतानाची. तेव्हा डब्यातले औषध तीव्र असते आणि ते सहसा नाकापेक्षा कातडीतून जास्त आत जाते. झाकण उघडताना बोटांवर आलेला ओघळ पँटला पुसला, की तो कपडा दिवसभर मांडीला चिकटून राहतो. नायट्राइल रबराचे लांब हातमोजे घाला. कापडी किंवा चामड्याचे नकोत, ते औषध शोषून कातडीशी धरून ठेवतात. काम झाल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकू नका, जुना टूथब्रश जवळ ठेवा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. धुणाऱ्या माणसाच्या हातालाही तेच औषध लागते, म्हणून त्यांनीही मोजे घालावेत.

एक गोष्ट कुणी विचारली नाही, पण सांगायलाच हवी. पॉवर स्प्रेयरसाठी नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणे आजच बंद करा. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. ते अस्थिमज्जेवर, म्हणजे जिथे रक्त तयार होते तिथेच घाव घालते आणि त्याने तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होतो, हे पक्के सिद्ध झाले आहे. पेट्रोलने हात धुण्याची सवयही त्याच कारणाने सोडा. हातपंप वापरा आणि पेट्रोल उघड्यावर भरा.

प्रश्न : आता रक्त तपासून घेऊ का?

कोणते औषध किती वर्षे अंगात गेले, हे सांगणारी तपासणी नेहमीच्या प्रयोगशाळेत होत नाही. कोलिनेस्टरेज या रक्तातल्या विकराची (एन्झाइमची) तपासणी अलीकडच्या विषबाधेसाठी असते, कर्करोगासाठी नाही. पण मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ, बरेच दिवस न जाणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, कारण नसताना घटलेले वजन, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग किंवा पाठीच्या हाडांत सतत राहणारी कळ, यांतले काही दिसले तर थांबू नका. डॉक्टरांकडे जाऊन पूर्ण रक्तगणना (सीबीसी) करून घ्या. गाठ असेल तर रक्ताचा अहवाल चांगला आला तरी गाठीची वेगळी तपासणी लागते. जाताना आजवर वापरलेल्या औषधांची नावे आणि साधारण किती वर्षे वापरली ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी आपणहून विचारले नाही तरी सांगा.