पहिला, पैलवान आणि नसलेला 'एकावा'

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका वाचकाने दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. त्यांच्या तालमीत वस्ताद पोरांना सांगतात, "जो पहिला येतो त्यो पहिलवान." हे खरं मानायचं का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की पाचचा पाचवा होतो, सातचा सातवा होतो, मग एकचा 'एकावा' का होत नाही? 'पहिला' मध्येच कुठून आला?

आधी वस्तादांचं. पोरांना चेव आणायला ही व्युत्पत्ती उत्तम आहे, आणि तेवढ्यापुरती राहू द्यावी. खरी मात्र नाही. पहिलवान हा फारसी 'पहलवान'. त्याची फोड 'पहल + वान' अशी नसून 'पहलव + आन' अशी आहे. बलवान, भाग्यवान यांतला संस्कृत 'वान' इथे नाही, आणि बागवान, दरवान यांतला फारसी 'वान'ही नाही. पहलव म्हणजे पार्थियन, इराणवर कधीकाळी राज्य केलेले लढवय्ये लोक. आपल्याकडे ते अनोळखी नव्हते. मनुस्मृतीत यवन, शक, पारद यांच्या रांगेत 'पह्लव' बसलेले आहेत. पुढे इराणात पहलवान म्हणजे वीर, योद्धा असा अर्थ झाला. शाहनामा या फारसी महाकाव्यातला रुस्तम पहलवान आहे तो या अर्थाने. वीराचा मल्ल व्हायला फार लांब जावं लागत नाही.

हा शब्द तालमीत एकटा आलेला नाही, हेही बघा. खुद्द 'तालीम' अरबी, मूळ अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे उस्ताद. कुस्ती, जोर, खुराक फारसीतून आले. आखाडा आणि मल्ल हे आपले जुने. पण ज्याच्या तोंडी वस्ताद, खुराक आणि जोर आहेत, त्याच्या तोंडी पहलवान असण्यात नवल काय?

तरीही वस्तादांच्या म्हणण्यात एक धागा आहे, तो सोडवत नाही. हिंदीत 'पहला' आणि 'पहलवान', दोन्हींत इकार नाही. मराठीत 'पहिला' आणि 'पहिलवान', दोन्हींत आहे. बोलताना तर 'पैला' आणि 'पैलवान'. मूळ फारसी शब्दात नसलेली ही 'हि' मराठीत आली कुठून? माझं मत असं, की ती 'पहिला'नेच ओढून आणली. शब्द आला परका, ऐकणाऱ्याच्या कानाला तो ओळखीच्या 'पहिला'सारखा वाटला, आणि त्याने तसाच तो घडवून घेतला. म्हणजे पहिलवान 'पहिला'पासून जन्मलेला नसला तरी त्याच्या घरी वाढलेला आहे. (पैलतीर, पैलथडी यांतल्या 'पैल'चा मात्र या दोघांशी संबंध नाही. तिथे पैल म्हणजे पलीकडचा.)

आता 'पहिला'. संस्कृतात प्रथम. त्याचा प्राकृतात झाला 'पढम', आणि त्याच कुळातून '-इल्ल' हा प्रत्यय लागून 'पहिल्ल' अशी रूपं निघाली. स्वरांच्या मधला थ प्राकृतात ह होतो, नाथचा नाह होतो तसा, म्हणून 'पहि-'. शेवटचा 'ल' आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. मागला, पुढला, वरील, आतील यांत तोच बसलेला आहे. हे सगळे शब्द मोजण्याचे नाहीत, जागेचे आहेत. कोण कुठे उभा आहे ते सांगणारे. बंगालीत नववर्षाला 'पयला बैशाख' म्हणतात तो पयला याच घरचा, आणि आपल्या कोल्हापूरकडच्या 'पयल्या'शी त्याची भेट झाली तर दोघांना दुभाषा लागणार नाही.

प्रथममध्ये तरी 'एक' आहे का? तिथेही नाही. त्यात आहे तो 'प्र', म्हणजे पुढे. प्रगती, प्रस्थान यांतला. त्याला 'तम' लागून झालेलं हे रूप, अर्थ 'सगळ्यांत पुढचा'. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, हाच शब्द 'फ्रतम' असा आहे. आणि ही खोड फक्त आपलीच नाही. इंग्रजीतला 'फर्स्ट' हा 'वन'वरून आलेला नसून 'पुढे' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. लॅटिनचा 'प्रीमुस'ही तसाच. मोजणी सुरू व्हायला किमान दोन तरी हवेत. एकटाच असतो तेव्हा कोणी मोजत नाही. रांग लागली की पुढे कोण ते आधी दिसतं, आणि त्याला नाव मिळतं ते त्याच्या जागेवरून. म्हणून दुसऱ्यात 'दोन' ऐकू येतो, तिसऱ्यात 'तीन', चौथ्यात 'चार', पण पहिल्यात 'एक' नाही. तिथींचंही तसंच बघा. बीज, तीज, चौथ यांत आकडे आहेत. पहिली तिथी मात्र प्रतिपदा, तिचा पाडवा. आकडा तिथेही गैरहजर.

एकदा हे ध्यानात आलं की 'पहिला'चे बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात. पुढे उभा असलेला तो आधी गेलेला असतो. म्हणून 'पहिला' म्हणजे क्रमाने पहिला, आणि 'पहिला' म्हणजे पूर्वीचाही. कोल्हापुरात हा दुसरा अर्थ जास्त ऐकू येतो असं मला वाटतं. "पैलं असं नव्हतं बघा, रंकाळ्याला सांजचं कुणी नसायचं." "त्यो पैल्यापासनंच तसा हाय." "पैलं सांग, जेवलास का?" तीन वाक्यांत तीन कामं: पूर्वी, मुळापासून, आधी. त्यातल्या 'आधी'ला इकडे एक जोडीदारही आहे, 'आदुगर'. 'अगोदर'मधल्या ग आणि द यांनी जागा बदलल्या की आदुगर. लिहिताना आपण त्याला हटकून शुद्ध करतो, बोलताना तो शांतपणे चालू असतो.

'पहिले पाढे पंचावन्न' यातले पहिले कुठले? पहिल्या क्रमांकाचे नव्हेत, आधीचेच. गाडी फिरून जुन्या वळणावर आली, एवढाच अर्थ. आणि यामुळे गोंधळही होतो. 'त्याची पहिली बायको' म्हटलं की दुसरी आहे हे कळतं, पण पहिली हयात आहे, सोडून गेली आहे की नांदते आहे, ते काही कळत नाही. 'पहिलं घर' म्हणजे बांधलेलं पहिलं की आत्ताच्या आधीचं? तीन घरं बदललेल्या माणसाच्या बाबतीत ही दोन वेगळी घरं असतात. लिहिताना अशा जागी 'आधीचं', 'पूर्वीचं' किंवा 'सुरुवातीचं' यांतला नेमका शब्द घालावा. बोलताना हातवारे असतात, कागदावर नसतात.

तिसरा अर्थ दर्जाचा, आणि त्यासाठी पुन्हा मैदानात जावं लागेल. जत्रेच्या कुस्त्यांत एक नंबरची कुस्ती, म्हणजे पहिल्या क्रमांकाची, सगळ्यांत शेवटी लागते. आधी लहान पोरं, मग चढत्या इनामाच्या जोडी, आणि दिवस कलता कलता एक नंबर. बाहेरगावचा पाहुणा 'पहिली कुस्ती बघायची' म्हणून लवकर आला तर त्याला बराच वेळ चिल्ल्यापिल्ल्यांची धरपकड बघत बसावं लागेल. वेळेने शेवटची आणि मानाने पहिली: 'पहिला'चे दोन अर्थ इथे एकाच हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, समोरासमोर उभे असतात. १९१२ साली राजर्षी शाहूंनी बांधलेल्या खासबाग कुस्ती मैदानातही ही रीत बदललेली नाही. पण श्रीपती खंचनाळे 'पहिले हिंदकेसरी' म्हणतो तेव्हा अर्थ निव्वळ काळाचा असतो. १९५९ साली तो किताब सर्वांत आधी त्यांना मिळाला, एवढंच. नंतरच्या हिंदकेसरींचा मान त्यात कमी होत नाही.

याच काळाच्या अर्थाची एक गंमत राजांच्या नावांत आहे. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम ही नावं फिरून फिरून येतात, त्यामुळे इतिहास लिहिणाऱ्याला पहिले, दुसरे केल्यावाचून गत्यंतर नाही. पण सहसा कोणीही आपल्या हयातीत 'पहिला' नसतो. पहिला बाजीराव जगला तो नुसता बाजीराव म्हणून. दुसरा झाला तेव्हा तो पहिला झाला. क्रमवाचकांत 'पहिला' हाच एक असा, की जो मागाहून मिळतो. ('दुसरा बाजीराव' की 'बाजीराव दुसरा'? दोन्ही चालतं. नाव आधी आणि क्रम मागून लिहिला की पाठ्यपुस्तकाचा वास येतो, एवढाच फरक.)

गोठ्यात गेलात तर आणखी एक शब्द भेटेल, जो शहरात मावळत चालला आहे: पहिलारू. पहिल्यांदा गाभण असलेली किंवा नुकती पहिल्यांदा व्यालेली गाय वा म्हैस. जनावरांच्या बाजारात दात बघतात तसं वेतही विचारतात. "पहिलारू हाय का दुसऱ्या वेताची?" या एका प्रश्नावर किंमत वरखाली होते. माणसांत याचा जोडशब्द पहिलटकरीण. दोन्ही शब्द इतके नेमके आहेत की त्यांच्या जागी 'पहिल्या बाळंतपणाची' वगैरे तीन शब्द घालणं म्हणजे उधळपट्टी. पहिल्या धारेची कोणती, ते या जिल्ह्यात समजावून सांगण्याची गरज नसावी.

'पहिलावहिला'तला वहिला काय, असंही पुष्कळजण विचारतात. साधी द्विरुक्ती, जेवणबिवणसारखी, असं म्हणून सोडून देता येतं. पण 'वहिला' हा जुन्या मराठीत स्वतंत्र शब्द होता, अर्थ 'लवकर, झटकन'. त्याही मागे जायचं तर बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात अपभ्रंश भाषेसाठी सूत्रच आहे, 'शीघ्रादीनां वहिल्लादयः'. शीघ्र वगैरे शब्दांच्या जागी वहिल्ल वगैरे येतात. गुजरातीत 'वहेलुं' म्हणजे लवकर, ते आजही चालू आहे. तेव्हा पहिलावहिला हा यमकासाठी जोडलेला निरर्थक शेपूट नसून, अर्थ विसरला गेल्यामुळे शेपूट वाटू लागलेला खरा शब्द असावा, याकडे माझा कल आहे.

कचेरीतला 'पहिला' आणखी निराळा. तिथे अव्वल. तहसीलमध्ये अव्वल कारकून बसायचा आणि दस्त नोंदवायला आपण जातो ते दुय्यम निबंधकाकडे. अव्वल अरबी, दुय्यम फारसी. जुन्या कागदांत जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी लावलेली सापडते. त्यातला सीम गेला, दूमचा दुय्यम होऊन पदनामात राहिला आणि त्याच वेळी 'कमी प्रतीचा' या अर्थाने घराघरांत गेला. दुय्यम निबंधक कमी प्रतीचा नसतो, पण शब्दाला ते कसं सांगणार?

राहिला 'एकावा'. 'वा' हा प्रत्यय संस्कृत '-म'चा वारस आहे: पंचमचा पाचवा, सप्तमचा सातवा. म चा व झाला. गंमत म्हणजे विश्रामचाही 'विसावा' याच वाटेने झाला, त्यामुळे विसावा क्रमांक आणि विसावा घेणं आज एका रूपात येऊन बसले आहेत. एकदा हा 'वा' रुळल्यावर मात्र संस्कृतची वाट न बघता मराठीने आकड्याला सरळ 'वा' जोडत नेला. म्हणून षष्ठचं काही न होता सहावा झाला. षष्ठी उरली ती सटवाईत. पहिल्या चारांना ही शिस्त लागली नाही. रोज वापरातली भांडी कोणी नव्या फॅशनची आणत नाही, तसे ते जुनेच राहिले.

पण 'एकावा' मराठीत अजिबात नाही असं म्हणू नका. तो शंभराच्या पलीकडे राहतो. वस्तू व सेवा कर आणणारी २०१६ची घटनादुरुस्ती १०१ वी. वर्तमानपत्रं आकडा छापून मोकळी होतात, पंचाईत होते ती मोठ्याने वाचणाऱ्याची. 'एकशे पहिली' की 'एकशे एकावी'? मी एकशे एकावी म्हणेन, आणि पुढे एकशे दोनावी, एकशे तिनावी, एकशे चारावी. कारण इथे पुढे कोण उभं आहे हा प्रश्नच नाही. शंभर मागे पडलेत, आता फक्त मोजणी चालू आहे, आणि मोजणीत एकाला 'एक'च म्हणावं लागतं. 'एकशे पहिला' ऐकू येतो, चूक म्हणून त्याच्या मागे लागणार नाही. पण तुमच्या तालमीला शंभर वर्षं होऊन गेली असतील आणि पुढच्या वर्षीचा फलक रंगवायचा असेल, तर त्यावर 'एकशे एकावा वर्धापनदिन' असं लिहा.