दंडावरची नक्षी कोणाची?

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले, दंडावर गोंदायच्या पट्टीचे चित्र निवांत पाहिले. रेघ स्वच्छ आहे, वळणे कुठे अडखळत नाहीत, काळा रंग भरताना तू घाई केलेली नाहीस. हात बसला आहे यात शंका नाही. मात्र चित्राखाली तू ‘ट्रायबल, गिऱ्हाइकाच्या पसंतीचे’ एवढेच लिहिले आहेस आणि त्यातल्या पहिल्याच शब्दावर मी अडलो. तू उचललेली वळणे न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरी लोकांच्या मोकोतली, म्हणजे त्यांच्या पारंपरिक गोंदणातली आहेत.

पुरुषांची मोको मुख्यतः चेहऱ्यावर असे, स्त्रियांची ओठांवर आणि हनुवटीवर. ती सुईने टोचत नसत, तर ‘उही’ नावाच्या हाडाच्या छिन्नीने कोरत. त्यामुळे त्वचेवर चर पडत आणि ते बोटाला लागत. कोरणे चालू असताना चेहरा इतका सुजे की, माणसाला लाकडी नरसाळ्यातून पातळ अन्न भरवावे लागे. त्या रेघांतून कूळ, पूर्वज आणि समाजातले स्थान जाणकाराला वाचता येई. म्हणूनच 1840 साली ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात वाइतांगीचा करार झाला तेव्हा काही सरदारांनी सहीच्या जागी आपल्या मोकोतलाच एखादा भाग काढून दिला. आता तूच सांग, अनोळखी गिऱ्हाइकाच्या दंडावर ती वळणे उतरवणे आणि परक्या माणसाची सही गिरवणे यांत फरक काय?

याच नक्षीचा पुढे बाजार झाला. मोको असलेली, धूर देऊन सुकवलेली मस्तके युरोपीय व्यापारी बंदुकांच्या बदल्यात विकत घेऊ लागले. मागणी इतकी वाढली की, गुलामांच्या चेहऱ्यावर मुद्दाम मोको कोरून त्यांना मारल्याच्या हकिकती नोंदल्या गेल्या आहेत. 1831 साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर राल्फ डार्लिंग यांनी या व्यापारावर बंदी घातली, तरी अनेक मस्तके परदेशी संग्रहालयांत पोहोचली होती आणि ती मायदेशी परत नेण्याचे काम या शतकातही चालू राहिले. हे वाचून मोकोला घाबरू नकोस. बिगर-माओरींसाठी त्याच शैलीत, पण कोणाच्याही वंशावळीला हात न लावता काढलेल्या नक्षीला माओरी कलाकार ‘किरितुही’ म्हणतात. ती वाट मोकळी आहे; फक्त ती मोकोपासून वेगळी ओळखायला शीक.

‘टॅटू’ हा शब्दसुद्धा न्यूझीलंड ज्यात आहे त्याच पॅसिफिक महासागरातून आला आहे. कॅप्टन कुकचे जहाज 1769 साली तिथल्या ताहिती बेटाला गेले आणि तिथला ‘तातौ’ हा शब्द खलाशांबरोबर इंग्लंडला पोहोचला. त्याच महासागरातल्या सामोआ बेटांवर पुरुषांच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदतात, त्याला ‘पेआ’ म्हणतात. दांड्याला बांधलेल्या दातेरी फणीवर दुसऱ्या काठीने ठोके मारत गोंदणारा पुढे सरकतो आणि मदतनीस दोन्ही बाजूंनी कातडी ताणून धरतात. वेदना न सोसल्यामुळे अर्धवट सोडलेला पेआ ही तिथे आयुष्यभराची नामुष्की समजतात. मशीन हाती आल्यापासून आपण कातडी ताणण्याकडे दुर्लक्ष करतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. तुझ्या पट्टीची आतली कड जिथे फाकली आहे, तिथे नेमके तेच झाले आहे.

गोंदणे म्हणजे सजणेच, असेही धरून चालू नकोस. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ नावाच्या माणसाच्या प्रेतावर 61 खुणा आहेत: साध्या समांतर रेघा आणि फुल्या, त्याही बव्हंशी कंबर, गुडघे आणि घोटे यांच्या आसपास, म्हणजे जिथे त्याची हाडे झिजलेली होती तिथे. तो दुखण्यावरचा उपाय असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते आणि मलाही ते पटते. आमच्या आजीच्या मनगटावरचे गोंदण शोभेचे होते. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे ती म्हणे. पण त्याच गोंदण्याचा ब्रिटिशांनी बंगालमध्ये 1797च्या नियमाने कैद्यांना डागण्यासाठी वापर केला. जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदला जाई आणि ही प्रथा 1849मध्ये रद्द होईपर्यंत चालली.

जपानची कथा तर याहून विचित्र आहे. तिथे 1720 पासून गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदत असत आणि त्याच काळात अंगभर रंगीत गोंदवून घेण्याची कलाही बहरली. 1872 साली सरकारने गोंदण्यावर बंदी घातली. तरी 1881मध्ये तिथे आलेल्या ब्रिटिश राजपुत्र जॉर्जने हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला. तोच पुढे पंचम जॉर्ज झाला. जपानी माणसाला मात्र बंदी उठण्याची 1948 पर्यंत वाट पाहावी लागली.

गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे म्हणतोस. तोवर दोन कागद तयार ठेव: एक हाच आणि दुसरा तुझ्या मनाने काढलेला, जाड रेघांचा, ज्यात कोणाच्याही चेहऱ्याचे वळण नसेल. पहिला कुठून आला ते त्याला दोन वाक्यांत सांग आणि तो तू करणार नाहीस हेही तिथेच सांग. तो उठून गेला तर जाऊ दे. बसला तर स्टेन्सिल लावण्याआधी कातडी नीट ताणून घे.

तुझा,
काका