रंकाळ्याची चमक जाते, मग पैंजणाची का जात नाही?

प्रश्न: सर, मी फोटोग्राफी करतो. रंकाळ्यावर कॅमेऱ्याला सीपीएल फिल्टर (एका दिशेत थरथरणारा प्रकाश अडवणारी फिरती काच) लावून फिरवला की पाण्यावरची चमक जाते, तळाचं शेवाळसुद्धा दिसतं. पण हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचे फोटो काढताना तोच फिल्टर कितीही फिरवला तरी काही फरक नाही. पोलरायझेशन सेन्सरचा कॅमेरा घेतला तर काम होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: फिल्टर तुमचा चांगलाच आहे, त्यावर शंका घेऊ नका. उन्हाचा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो, पण पाण्यावर तिरका पडून परत फिरला की, विशेषतः उभ्या रेषेपासून ५३ अंशांच्या आसपास, तो पाण्याला समांतर अशा एकाच दिशेत थरथरतो आणि फिल्टर नेमका तेवढाच अडवतो. म्हणूनच काठावरून सरळ खाली बघितलं तर फिल्टरचा काही उपयोग होत नाही, हे करून बघाच. चांदी मात्र सगळ्या दिशांचा प्रकाश जवळपास सारखाच परत फेकते, मग फिल्टर अडवणार तरी काय?

त्या सेन्सरचं पण असंच आहे. सोनीने २०१८ मध्ये आणलेल्या सेन्सरमध्ये दर चार पिक्सेलवर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांत धातूच्या अतिबारीक तारांच्या जाळ्या बसवल्यात, त्यामुळे फिल्टर न फिरवता एकाच फोटोत चारही दिशांचं माप मिळतं. काचेवरचे ओरखडे, प्लास्टिकमधला ताण तपासायला हे फार कामाचं, कारखान्यात खरंच हवं असं. पण पैंजणावरून येणारा प्रकाश मुळात पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा, नसेल तर चार काय, चाळीस दिशांनी मोजून पण चमक निघणार नाही, तेव्हा एवढे पैसे त्यात घालू नका.

प्लास्टिकमधला ताण घरीच दिसतो बरं का. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा, समोर कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी धरा आणि सीपीएलची कॅमेऱ्याला लागणारी बाजू डोळ्याकडे धरून त्यातून बघत फिरवा, पट्टीत इंद्रधनुष्य उमटतं, भोकाजवळ तर रंग दाटीवाटीने येतात.

आता पैंजण. लाइटलाच पोलरायझिंग शीट लावा, म्हणजे चांदीवर एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश पडेल आणि बहुतांशी तसाच परत येईल, मग लेन्सवरचा फिल्टर फिरवा, चमक जाईल. फक्त शीटच्या दिशेशी पूर्ण काटकोनात फिरवला तर चांदी काळी पडलेली दिसते, कारण तिचं रूप म्हणजे ती चमकच, म्हणून थोडं अलीकडेच थांबा. मला विचाराल तर साध्या पैंजणाला चारी बाजूंनी बटर पेपर लावून मऊ उजेड देणंच बरं, शीटचा खर्च मीनाकामाच्या दागिन्यांसाठी करा, तिथे मीन्यावरची चमक गेली की आतला रंग खुलतो.